आपोआप लिहिणारा फळा

चांगलं वाचलेलं स्वतःपुरतं ठेवणारा माणूस चोर, असं मानणारा सबंध जुन्नर तालुक्यात एकच प्राणी, आणि तो माझ्या नशिबी धाकटा दीर म्हणून आला. डिंगोऱ्यात आमच्या विहाराबाहेर फळा आहे. त्यावर भाऊजी रोज सकाळी पेपरातलं काहीबाही खडूनं उतरवायचे. कांद्याचा भाव, चंद्रावरची माती, मुतखड्यावरचा काढा. एकदा माझ्या आईचं पत्र त्यांना इतकं आवडलं, की बिचारीची गुडघेदुखी चार दिवस फळ्यावर होती! मी रडकुंडीला आले, तर मलाच म्हणाले, "वहिनी, लई झ्याक लिवलंय. झाकून ठिवायचं व्हय?"

पुढं ओतूरला इंटरनेट कॅफे निघाला आणि भाऊजींनी ब्लॉग काढला. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपली वही, कुणीही उघडून वाचावी अशी. त्यात एक सोय होती. दुसऱ्या कुणाचं पान आवडलं की त्यावर खूण करून ठेवायची. ती त्या पानाच्या नावासकट आपल्या ब्लॉगच्या कडेला आपोआप उमटायची. "वहिनी, ह्यो फळा सोताच लिवतो! खडूबी लागत न्हाई!" आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता.

मग सुजाताचं लग्न काढलं. माझे मालक गेले तेव्हा माझी ही पोर चार वर्षांची. भाऊजींनी स्वतःचं लग्न केलं नाही, तिलाच वाढवलं. तिच्या बायोडेटात 'घराण्याची ओळख' म्हणून त्यांनी मोठ्या ऐटीत ब्लॉगचा पत्ता घातला. मुलगा मंचरचा, नोकरी बंगळूरला. सुजाताला तो मनापासून आवडला होता. रविवारी मुलाकडची माणसं होकार की नकार ते सांगायला येणार होती.

त्या सकाळी भाऊजींचा चहाचा कप हातातच थबकला.

"वहिनी, घात झाला. आठ दिस मी पोराची चौकशी करत व्हतो. पानं सापडली तशा सवयीनं खुणा केल्या. समद्या ब्लॉगवर उमाटल्या असतील."

"कसल्या पानांच्या?"

"'टक्कल आईकडून येतं की बापाकडून'."

मुलाच्या वडिलांचं डोकं आरशासारखं.

"आणखी?"

"'जावई पितो का, हे कसं ओळखावं'. 'खाष्ट सासूची लक्षणं'."

सुजाता दारात उभी होती. नुसती काकांकडं बघत राहिली. भाऊजींनी गाडीला किक मारली आणि खुणा पुसायला ओतूर गाठलं. तिथं लोडशेडिंग! कॅफेच्या पायरीवर तासभर बसून तसेच परतले, तोवर पाहुणे आमच्या घरात. जयभीम झाला, चहा झाला. भाऊजी घामाघूम होऊन उंबऱ्यातच उभे.

शेवटी मुलाच्या वडिलांनी डोक्यावरून हात फिरवला. "पावणं, आमच्यात टक्कल बापाकडनंच येतं. मलाच इचारायचं व्हतं की राव."

"आन् खाष्ट मी हायेच," त्याची आई म्हणाली. हसायची कुणाची छाती होईना.

मुलगा मात्र गंभीर. "काका, मी सगळं वाचलं. राग आला. नकार द्यायचं ठरवलंच होतं. पण सगळ्यात वर एक खूण होती."

भाऊजींची मान खाली गेली.

"'मुलगी सासरी गेल्यावर बापानं काय करावं'," मुलगा म्हणाला. "त्या पानावर काही उपाय सापडला का?"

"न्हाई," भाऊजी पुटपुटले. "नुसतंच फिरायला जा म्हनत्यात."

तेव्हा कुठं घर हसलं. सुजाता तेवढी रडली.

लग्न झालं, पोर बंगळूरला गेली. फोनवर भाऊजींना बोलता यायचं नाही. 'बरं, ठेव' म्हणून मोकळे. पण ब्लॉगच्या कडेला रोज एकच खूण, बंगळूरच्या त्या दिवशीच्या हवामानाच्या पानाची. सुजाता सकाळी आधी ती बघायची. म्हणायची, "आई, इथं आज पाऊस आहे, हे काकांना माझ्या आधी कळतं."

आता ती खुणांची सोय बंद पडलीय आणि भाऊजींची नजरही अधू झालीय. सुजाताचा फोन आला की मी त्यांना तिकडची हवा सांगते. मग काठी टेकत ते विहारापाशी जातात आणि फळ्याच्या कोपऱ्यात चाचपडत लिहितात : बंगळूर, ऊन.

बाकीचा फळा गावातली माणसं पुसून वापरतात. तेवढा कोपरा सोडून.