खंडेनवमीला धुतलेला सैनिक

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी जुन्या कपाटाच्या भावावरून हुज्जत घालत होतो. दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा कळलं, अनंता सकाळीच गेला... डॉक्टर अनंता, इथल्या, अमेरिकेतल्या हर्नडनमधला माझा तीस वर्षांपासूनचा मित्र.

त्याच्यावर माझा राग होता, तो आधी सांगतो. एका म्हाताऱ्या बाईनं घरातलं सामान विकायला काढलं होतं. तिथे त्याला चीनमधल्या जुन्या थडग्यातला मातीचा सैनिक दिसला. हातभर उंच, अंगरख्यावर लाल रंग, मुठीतला लाकडी भाला कधीच कुजून गेलेला. दोन हजार वर्षांपूर्वीचा, म्हणे. अर्धा तास घासाघीस करून मी बाईला निम्म्यावर आणलं, आणि ह्यानं तिला पूर्ण रक्कम दिली! "शेठ, तिच्या नवऱ्याची आवडती वस्तू आहे यार," म्हणाला. चारचौघांत माझं नाक कापलं.

पुढे तो आणि वहिनी महिनाभर पुण्याला गेले. घरात दुरुस्ती काढलेली, म्हणून सैनिक माझ्याकडे ठेवला. खंडेनवमी आली. करवत, हातोडी, ड्रिल पुसून पूजेला मांडली; म्हटलं, आज खरा मान तर ह्या शिपायाचा. अंगावर धुळीचा थर होता, म्हणून नळाखाली धरून ब्रशनं घासला. सिंकमध्ये लाल पाणी वाहू लागलं... हात थांबेपर्यंत अंगरखा कोरा. मूर्ती भाजून झाल्यावर वरून दिलेला रंग पाण्यानं सुटतो, हे मला मागाहून कळलं.

अनंता परतला आणि सैनिक हातात घेऊन बघू लागला. त्यानं तोंड उघडायच्या आत मीच ओरडलो, "बनावट माल गळ्यात मारलाय तुझ्या! अजून दे पूर्ण पैसे!"

"असेल," एवढंच तो म्हणाला. नंतर चार वर्षं मी त्याच्या घरी चहा प्यायलो, सैनिक समोर असायचा, आणि मी गप्प.

तेराव्याला त्याच्या मुलीनं मला सैनिक दाखवला. "बाबा सगळ्यांना सांगायचे, मीच वॉश केला. सो सिली, ना काका?" मी हो म्हणालो. मग राहवेना. स्वयंपाकघरात वहिनींना गाठलं आणि सांगितलं, "तो मी धुतला होता."

"माहीत आहे, भाऊजी," कप पुसत त्या म्हणाल्या. "तेव्हा आम्ही दोघं पुण्यात होतो ना."

परवा पुन्हा गेलो, तर इथल्या मराठी मंडळातलं एक नवं जोडपं आलेलं. सैनिकाचा रंग कुठे गेला, त्यांनी विचारलं. माझ्यादेखत वहिनी हसून म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी धुतला." अनंताची ही सवय आता त्यांनी उचलली आहे... मी लिहिलेलं हे छापून आलं की त्यांना तसं म्हणता येणार नाही.