धुरपताबाई आणि भागम्माची पूजा

धुरपताबाईच्या तोंडी कुणी लागत नसे. गावात म्हणायचे, एक वेळ मारक्या म्हशीपुढून जावं, पण धुरपताबाईच्या दारापुढं चूळ टाकू नये. एकदा चालू झाली की तुमच्या आज्या-पणज्यांपर्यंत जाऊन यायची. पण त्याच गावात कुणाला साप चावला, कुणाची सून अडली, की पहिली हाक तिलाच. ती शिव्या देत यायची, पण यायची.

नाव धुरपता आणि बाई ख्रिस्ती, म्हणून नवख्या माणसाला जरा कोडं पडे. तिच्या आजानं बाप्तिस्मा घेतलेला. पण नातीचं नाव ठेवलं आजीनं, आणि म्हातारीला नावं बदलण्यात काही राम दिसला नाही. धुरपताबाई म्हणायची, "प्रभूनं मला हाक मारली तवा धुरपते म्हणूनच मारली आसंल की! त्येला काय माझं नाव ठावं न्हाई?" अर्धा जन्म तिनं उसाच्या फडात काढला. नवरा तिकडंच तापानं गेला. लेकीला शिकवलं, ती जालन्याला नर्स झाली. आता कोयता उचलवत नाही म्हणून साठीची धुरपताबाई गावात राहिलेली, दोन शेळ्या आणि एक जीभ घेऊन.

गाव गंगाखेडच्या पलीकडं, गोदावरीच्या काठाला. दिवाळी सरली की निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं. गल्लीत कुलपं आणि म्हातारी माणसं तेवढी उरतात. धुरपताबाईच्या समोरच्या घरी भागम्मा राहायची. लिंगायताची बाई, पंचाहत्तरीची, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत तिचं रोजच्या पूजेचं इष्टलिंग. एकुलता मुलगा विरेश पुण्याला कंपनीची बस चालवायचा. चल म्हणून त्यानं शंभरदा विनवलं, पण म्हातारी उंबरा सोडायला तयार नव्हती.

दोघी चाळीस वर्षं समोरासमोर. भांडण कधी नाही. पण भागम्मानं धुरपताबाईच्या घरचं पाणी कधी घेतलं नाही, आणि ताक द्यायचं झालं तर वरून ओतायची. धुरपताबाईही भांडं खाली धरायची. दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नसे, आणि वाटलं असलं तरी कुणी बोललं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर भागम्माला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. परभणीच्या दवाखान्यातून घरी आणलं. विरेश रजा घेऊन राहिला, पुण्याला न्यायची गोष्ट काढली की म्हातारी डाव्या हातानं खाटेची कड घट्ट धरायची. शेवटी त्यानं आईची पूजा आणि खाणंपिणं बघायला नात्यातली एक बाई ठेवली आणि डोळे पुसत गेला. त्या बाईची लेक बाळंत व्हायला आली, तशी तीही एका सकाळी गेली. जाताना धुरपताबाईला म्हणाली, "जरा बगा वं समोर."

झालं! धुरपताबाईनं हात धुतले, पदर खोचला आणि भागम्माच्या घरात शिरली. भागम्माच्याच भांड्यात, भागम्माच्याच पिठाची भाकरी केली, दुधात कुस्करली आणि घास पुढं धरला. भागम्मानं तोंड फिरवलं. पुन्हा धरला, पुन्हा फिरवलं. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी पाण्याचा घोटसुद्धा ओठाच्या आत जाईना.

मग मात्र धुरपताबाईचं डोस्कं फिरलं. "मरायला टेकलात तरी माझ्या हातचं चालंना व्हय तुमाला? ऱ्हावा मग उपाशी! मी काय ईख कालवलंय का त्यात?" वाटी आदळून ती घरी आली. शेळ्यांना शिव्या दिल्या. चुलीपुढं बसली, पण तिच्याही घशाखाली घास उतरेना. माणूस रागावला की खोटं बोलतो, पण पोट खोटं बोलत नाही. ती उठून परत गेली.

भागम्मा डाव्या हातानं गळ्यातली डबी ओढत होती. ओढायची, सोडायची, आणि डोळ्यांतून धारा. धुरपताबाई खाटेशी बसली. चाळीस वर्षं समोरच्या ओसरीवर तिनं ही बाई रोज पाहिलेली: आंघोळ झाली की डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायची, उजव्या हातानं पाणी घालायची, भस्म लावायची, फूल वाहायची. त्याशिवाय चहाचा थेंब नाही. आणि आता उजवा हात तर लाकडासारखा पडलेला.

"आवं माझ्या मावशी," धुरपताबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "पूजा न्हाई म्हनून खायनात व्हय! अन् मी बया माझ्याच नावानं रडायलेय."

तिनं म्हातारीला पुसून काढलं, लुगडं बदललं. डबी उघडून डाव्या तळहातावर कलती केली. लिंग हातात आलं. पाणी घालायला धुरपताबाईनं तांब्या उचलला, तशी भागम्मा घशातून गुरगुरली. लिंगायत नसलेल्याच्या हातची पूजा कशी चालेल? धुरपताबाईनं तांब्या ठेवून पळी घेतली. मग तिनं भागम्माचा लुळा उजवा हात आपल्या हातात घेतला. त्याची बोटं आपल्या बोटांनी पळीभोवती मिटली, आणि तो हात उचलून पाणी घातलं. मग तीच बोटं भस्मात बुडवली, लिंगाला लावली, म्हातारीच्या कपाळावर ओढली. फूलही त्याच बोटांनी वाहिलं. भागम्मा ओठ हलवत होती. पूजा झाली आणि तिनं आपणहून आ केला. धुरपताबाई भरवत होती आणि नाक ओढत होती. एवढी जहांबाज बाई, पण रडताना अगदी पोरीसारखी रडायची.

तेव्हापासून रोजचं झालं. धुरपताबाईचा सुकटीवर भारी जीव. पण वास अंगाला राहतो म्हणून तिनं सुकट सोडली, अंडी सोडली. नाताळाला लेकीनं जालन्याला बोलावलं, तिला नाही म्हणाली. आणि 'मावशी, तुमी' कधी गळून पडलं आणि 'आव्वा, तू', म्हणजे आई, तू, कधी सुरू झालं, ते तिचं तिलाही कळलं नाही. भागम्माला बोलता येत नव्हतं, त्यामुळं धुरपताबाईला आयुष्यात पहिल्यांदा मधे तोंड न घालणारं माणूस मिळालेलं. ती दिवसभर बोलत राही. म्हातारी ऐकते की नाही, याचा विचार तिनं केला नाही.

गाव ते गाव. कुणीतरी विरेशला फोन केला, की ती बाई तुझ्या आईला बाटवायलीय. विरेशनं चाचरत धुरपताबाईला विचारलं. ती फोनवर कडाडली, "ये अन् सोत्ता बग! तुझी आय बाटली का मी बाटले, ते तूच सांग मला!" विरेश रविवारी आला, त्यानं दारातून सकाळची पूजा पाहिली, आणि धुरपताबाईच्या पाया पडला. तिनं त्याला तिथंही झापलं.

पण खरा पेच पुढंच होता. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. पत्र्याच्या शेडात उपासना व्हायची, गंगाखेडहून पाळक दिनकरराव एसटीनं यायचे. माणूस सरळ, पण कडक. त्यांच्या वडिलांनी देव सोडले म्हणून गावानं त्यांना विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. एवढं सोसून घेतलेला विश्वास कुणी पातळ करू नये, असं त्यांना जिवापासून वाटे. त्यांच्या कानावर ही पूजा गेली.

"धुरपताबाई, तुम्ही त्या बाईला जेवू घाला, धुवा-पुसा. प्रभूला ते आवडेल. पण दुसऱ्या देवाची पूजा आपल्या हातानं? ते बंद करा."

"पूजा तीच करती, पाळकसाहेब. बोटं बी तिचीच हायत. जोर तेवढा माझा."

"मग तो जोर देऊ नका."

"मग ती जेवत न्हाई. मरंल ती."

दिनकररावांचा चेहरा उतरला, पण ते मागं हटले नाहीत. "हे चालू असेतो तुम्हाला प्रभुभोजन देता येणार नाही. नाताळालासुद्धा नाही. माझाही नाइलाज आहे."

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या नावानं मोडलेल्या भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. ज्याला ते रोज मिळतं त्याला काय त्याचं! धुरपताबाईला वर्षातून चार-दोनदा मिळे. नवरा गेला त्या साली त्या एका तुकड्यावर ती तगली होती. येशूनं आपल्यासाठी जीव दिला, हे तिला वाचता येत नव्हतं, पण त्या भाकरीत ते कळायचं. ती घरी आली आणि भागम्माचे पाय चोळता चोळता सगळं बोलून मोकळी झाली. "ऱ्हाऊ दे त्यांची भाकर त्यांनाच. तुला उपाशी ठिवून मी तिथं काय तोंड दाखवू? त्येनं स्वतः जीव दिला, अन् मी हात आखडू?" बोलली खरी, पण आवाज फुटला. भागम्मा छताकडं बघत पडून होती.

नाताळच्या सकाळी शेडातून गाणी ऐकू यायला लागली. धुरपताबाईनं नेहमीचंच लुगडं नेसून भागम्माचं घर गाठलं. म्हातारीला पुसलं, पाणी आणलं, फुलं आणली, आणि डबीला हात लावला. भागम्मानं डाव्या मुठीत डबी आवळून धरली.

"सोड की आव्वा."

मूठ सुटेना. भागम्मानं हनुवटी दाराकडं उडवली, शेडाकडं. पुन्हा धुरपताबाईकडं बघितलं, पुन्हा शेडाकडं. जा. ओठ वाकडे झाले, शब्द फुटला नाही, पण कळायचं ते कळलं. आज पूजा नाही. आज धुरपताबाईचा हात कुणालाही उसना गेलेला नाही. जा, तुझी भाकर घे. मी राहते उपाशी.

"सगळं ऐकलंस व्हय गं तू?" धुरपताबाई म्हणाली आणि खाटेशी बसली. तिनं विनवलं, दटावलं, शिव्या दिल्या. मूठ तशीच. ऊन ओसरीवर आलं. शेवटी ती उठली आणि तरातरा शेडात गेली.

दिनकरराव भाकरी हातात घेऊन उभे होते. धुरपताबाई दारातच थांबली. जन्मभर भांडलेली ती बाई, पण त्या दिवशी आवाज चढला नाही.

"पाळकसाहेब, मी मागायला आले न्हाई. सांगायला आले. तिथं ती म्हातारी आज पूजा करू दीना. का, तर मला हितं भाकर मिळावी म्हनून. तिचा देव येगळा, माझा येगळा. पर माझ्यासाठी उपाशी ती पडलीय. आता तुमीच सांगा, ही भाकर माझ्या नरड्याखाली कशी उतरावी?"

दिनकरराव हातातल्या भाकरीकडं बघत राहिले. मग त्यांनी ती ताटात परत ठेवली, वर पांढरा रुमाल झाकला.

"थांबा सगळे," ते मंडळीला म्हणाले. "आधी त्या आईला जेवू द्या."

ते धुरपताबाईच्या मागं गल्लीतून चालत गेले. भागम्माच्या दारात चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेरच हात जोडून उभे राहिले. "आजी," ते म्हणाले, "धुरपताबाईंची भाकरी त्यांच्यासाठी ठेवलीय. तुमची पूजा झाली की मी त्यांना घेऊन जातो, तोवर इथंच थांबलोय."

भागम्मानं त्यांच्याकडं बघितलं. मग धुरपताबाईकडं. आणि हळूच मूठ उघडली.