बायकोसाठी आलेले फोन

आशाताई म्हणून काम करताना माझं दुसरं वर्ष चालू होतं, तेव्हा आमच्या भागात गरोदर बायकांना मोबाईलवर फोन यायला लागले. आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला एका बाईचा आवाज. दर आठवड्याला ती ज्या त्या महिन्याप्रमाणे सांगायची: गोळ्या कधी घ्यायच्या, कळा कशा ओळखायच्या, काय झालं तर घरी थांबायचं नाही. नंबर नोंदवायचं काम माझं होतं. मी इतकी हरखले होते की पहिल्याच दिवशी सगळं गाव पालथं घातलं.

तिसगावच्या अलीकडे आमचं गाव. तिथं गाद्या भरणारा एक तरुण पिंजारी राहायचा. टेम्पोवर कापूस पिंजायचं मशीन बसवून तो गावोगाव फिरायचा. त्याची बायको पहिलटकरीण. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं होतं, आणि सासरी म्हणजे घरात दोघंच.

पाचव्या महिन्यात मी तिला विचारलं, "फोन येतात ना?"

"कसले फोन?" ती म्हणाली.

घरात मोबाईल एकच, आणि तो नवऱ्याच्या खिशात! माझा संताप झाला. संध्याकाळी टेम्पो दारात लागायची वाट बघत मी तिथंच बसून राहिले.

"येत्यात की फोन," तो म्हणाला. "मी ऐकतो समदे. मशीन बंद करून ऐकतो."

"अरे, मग हिला सांगत का नाहीस?"

तो खाली मान घालून हसला. "लाज वाटती, ताई. बायकांचं बोलनं हाय ते."

"बाळ काय एकट्या बाईचं असतं?" मी म्हणाले. आत बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

त्या दिवसापासून त्याने फोन रेकॉर्ड करून आणायला सुरुवात केली. रात्रीची भाकरी झाली की दोघं ऐकत बसायची. पुढं पुढं तर मी रस्त्यात दिसले की तो टेम्पो थांबवायचा. "ताई, बाळ दिवसातनं किती येळा हलाया पायजे?" मला भारी मजा वाटायची. एवढे प्रश्न मला कुठल्या बाईनंसुद्धा विचारले नव्हते.

नववा लागला. एका सकाळी मी अंगणवाडीत पोरांची वजनं करत होते, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"ताई, हिचं डोकं लई दुखतंय. तोंड सुजलंय. भिंतीवरचं घड्याळ दोन दोन दिसतंय म्हनती. असं झालं तर थांबायचं न्हाई, असं फोनवरच्या बाईनं सांगितलेलं हाय."

मी वजनकाटा तसाच टाकून पळत सुटले. वाटेतून उपकेंद्रातल्या सिस्टरला हाक मारली. तिने रक्तदाब मोजला आणि म्हणाली, "फार वाढलाय. आत्ताच न्यायला पाहिजे." अँब्युलन्स लांब होती. पण त्याने तोवर टेम्पोत दोन नव्या गाद्या अंथरून ठेवल्या होत्या! पोरीला डाव्या कुशीवर झोपवून सिस्टर आणि मी तिच्याजवळ बसलो. पाथर्डीपर्यंत तो एकदासुद्धा मागं वळला नाही, फक्त ओरडून विचारत होता, "बोलतीया का? डोळं उघडं हायत का?"

"बोलतीये! तू गाडी चालव!"

पाथर्डीच्या दवाखान्यात लगेच इंजेक्शन दिलं आणि तिथल्या अँब्युलन्सने नगरला पाठवलं. तिथं ऑपरेशन करावं लागलं. बाहेरच्या बाकावर तो बसला होता, केसांत अजून कापसाचे तुकडे अडकलेले.

दुपार कलताना डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मुलगी झाली. आई चांगली आहे. उशीर केला असता तर झटके आले असते. कोणी ओळखलं हे?"

मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "शाबास!"

तो उठला, काहीतरी बोलायला गेला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. मग रडता रडताच विचारतो, "लगीच अंगावर पाजायचं आसतं ना? पयलं दूध टाकायचं न्हाई ना?"

डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. मी व्हरांड्यातून पाथर्डीला थांबलेल्या सिस्टरला फोन लावला आणि इतक्या जोरात ओरडले, "मुलगी! दोघी बऱ्या आहेत!" की वॉर्डातल्या मावशी झाडू घेऊन माझ्यावर धावून आल्या. मी त्यांनाच मिठी मारली.