चार किलोमीटरसाठी डिझेल सेडान

लॅपटॉपवरच्या शीटमध्ये निळी गाडी जिंकली होती. सावंत साहेबांच्या जावईबापूंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. हिरवे, लाल, पिवळे चौकोन. सगळ्यात खाली ठळक अक्षरांत उत्तर.

"काका, ही सात वर्षांची कॉस्ट ऑफ ओनरशिप. म्हणजे गाडी घेतल्यापासून विकेपर्यंतचा सगळा खर्च. निळी स्वस्त पडते."

"आनि घेताना?"

"घेताना महाग आहे. पण ॲव्हरेज जास्त, रिसेल जास्त, सर्व्हिस पॅकेज शिल्लक आहे. लाँग टर्म बघा ना."

मी चाळीस वर्षं तुळिंजला डिझेल गाड्यांचं गॅरेज चालवलं. मला लाँग टर्म शिकवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या गाडीचं बॉनेट कुठल्या खटक्याने उघडतं ते ठाऊक नव्हतं. मागच्या दिवाळीत मीच उघडून दिलं होतं.

आम्ही बोळिंजला सावंत साहेबांच्या हॉलमध्ये बसलो होतो. साहेब सरकारी खात्यातून रिटायर झालेले. त्यांच्या ऑफिसची जीप माझ्याकडे यायची, तेव्हापासूनची ओळख. सुनीताताई म्हणजे त्यांची बायको. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सेंटर घरापासून चार किलोमीटर. जाताना रिक्षा चालते. येताना ताईंना बसवत नाही, आणि आपल्याकडच्या रस्त्यांचं मी काय सांगू. म्हणून गाडी घ्यायची होती. सेकंडहँड, पण धड. फंडाच्या पैशातून, एकदाच. ती मध्येच बंद पडली तर ताईंची पाळी चुकणार. डायलिसिसची पाळी चुकवून चालत नाही, एवढं मलाही कळतं.

चंदनसारच्या एका डीलरकडे दोन डिझेल सेडान पसंत पडल्या होत्या. सेडान म्हणजे मागे डिकी बाहेर आलेली लांब गाडी. एक पांढरी, जुन्या मॉडेलची, हाताने गिअर टाकायची. दुसरी निळी, नवीन, ऑटोमॅटिक, वर काचेचं छप्पर. जावईबापूंनी पुण्यात बसून मोबाईलवरून निळीचं टोकन देऊन टाकलं होतं. गाडी न बघता. मग मला बोलावलं होतं, होय म्हणायला.

"या चौकोनांत गाडी जानार कुठे ते कुठे लिवलंय?" मी विचारलं.

"वर्षाला बारा हजार किलोमीटर धरलेत."

"कुठे जाऊन?"

"कुठे म्हणजे? तसं धरतातच, काका."

आतल्या खोलीतून ताईंचा आवाज आला. "डायलिसिसला जाणार. मी अजून कुठे जाते?"

मी बोटांवर मोजलं. चार जायचे, चार यायचे, तीन वेळा. आठवड्याला चोवीस. भाजीबाजार धरून तीस. "साहेब, एवढ्याला डिझेल कशाला? छोटी पेट्रोल घ्या आनि मोकळे व्हा."

"नाही मेस्त्री. सेडानच, आणि डिझेलच. हिला मागे आडवं होता आलं पाहिजे. शिवाय वर्षातून एकदा गावाला जायचंय."

आडवं व्हायचं मला पटलं. डिझेलचं कारण वेगळं होतं. माणूस आयुष्यभर सरकारी डिझेल जीपमधून फिरला की त्याला पेट्रोलची गाडी खेळणं वाटते. वाद घालण्यात अर्थ नव्हता. साहेब हट्टी आहेत. मीही आहे, पण पैसे त्यांचे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे चंदनसारला गेलो. मी आधी दोन्ही बॉनेटवर हात ठेवला. दोन्ही गरम.

"चाचा, इंजिन एकदम मक्खन आहे," डीलर म्हणाला. "स्टार्ट करून दाखवू?"

"नको. चहा सांग. गाड्या थंड झाल्या की बघू."

हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं. थंड इंजिन स्टार्ट होताना खरं बोलतं. म्हणून विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवतो. डीलरचं तोंड उतरलं. दोन तास आम्ही चहा पीत बसलो. जावईबापूंनी तेवढ्यात निळीचं काचेचं छप्पर तीनदा उघडलं आणि तीनदा बंद केलं.

पांढरी स्टार्ट झाली ती खोकत. थोडा काळा धूर, मग शांत. क्लच जड. खड्ड्यात घातली तर पुढून खटखट, म्हणजे बुश गेलेले. बुश म्हणजे चाकाच्या दांड्यांमधले रबर, फार मोठा खर्च नाही. "क्लच वर्षभर टिकेल," मी साहेबांना सांगितलं. "मग नवा टाकावा लागेल."

"बघा," जावईबापू म्हणाले, "म्हणजे लगेच खर्च."

निळी मांजरासारखी स्टार्ट झाली. आवाज नाही, धूर नाही. साहेबांनी सीटवरून हात फिरवला. जावईबापूंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी फोन काढून ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला स्कॅनर घेऊन बोलावलं. स्कॅनर गाडीला जोडला की गाडीच्या कॉम्प्युटरमधलं सगळं वाचता येतं.

आता जरा समजून घ्या. नवीन डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर एक जाळी असते. तिला डीपीएफ म्हणतात. जुन्या पांढरीत ती नाहीच. धुरातली काजळी ती अडवते, म्हणून निळीचा धूर दिसला नाही. काजळी साठली की गाडी ती आतल्या आत जाळून टाकते. पण त्यासाठी इंजिन पुरतं तापावं लागतं. हायवेला पंधरा-वीस मिनिटं न थांबता पळवावी लागते. गावात चार-चार किलोमीटर फिरवलं की काजळी साठते, जळत नाही. मग लाल दिवा लागतो, गाडी जोर सोडते आणि सायकलच्या स्पीडने चालते. जाळी साफ करायला दिवस जातो. बदलायची झाली तर किंमत ऐकून माणूस खाली बसतो.

इलेक्ट्रिशियनने स्कॅनर लावला. जाळी पाऊण भरलेली. भरणारच. गाडी महिनोन् महिने शेडमध्ये उभी होती आणि येईल त्या गिऱ्हाईकाला पाच मिनिटं स्टार्ट करून दाखवत होते.

"त्यात काय, हायवेला चक्कर मारली की साफ," डीलर म्हणाला.

"मग मारूया की."

मागे मी आणि साहेब बसलो, पुढे जावईबापू आणि इलेक्ट्रिशियन. हायवेला लागलो, चांगली पळवली. स्कॅनरवरचा आकडा खरोखर खाली आला. जावईबापूंना गाडीपेक्षा स्वतःचाच जास्त अभिमान वाटला.

"झालं ना साफ, काका? तुम्ही उगाच घाबरवता."

मुळात ते चूक नव्हते. घरी आल्यावर साहेबांनी ताईंना सगळं सांगितलं. निळीच घ्यायचं त्यांच्या मनात पक्कं झालं होतं. मी पाणी प्यायलो आणि म्हटलं, "साहेब, हे दर आठवड्याला करावं लागेल. हायवेपर्यंत जायचं, पळवायची, परत यायचं. पन्नास किलोमीटर तरी होतात. डायलिसिसला गाडी चालनार चोवीस, आनि जाळीसाठी पन्नास. करनार कोन?"

"बाबा करतील. त्यांनाही तेवढंच फिरणं होईल," जावईबापू म्हणाले. पुण्यात राहणारा माणूस दुसऱ्याच्या रविवारचं फार छान प्लॅनिंग करतो.

ताई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. हातावर पट्टी होती. सकाळीच जाऊन आल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "मेस्त्री, म्हणजे त्या गाडीत घाण साठते आणि ती तिची तिला काढता येत नाही?"

"गावात चालवली तर तसंच."

"मग तिला घेऊन जायचं, साफ करून आणायचं. आणि पाळी चुकली तर बंद."

"होय."

"म्हणजे तिचंही डायलिसिसच," ताई म्हणाल्या. "अहो, एका घरात एक पेशंट पुरे. तुम्ही माझ्याच मागे थकता."

साहेबांनी लॅपटॉप हळूच बंद केला. जावईबापू काहीतरी बोलणार होते. त्यांच्या बायकोने, म्हणजे ताईंच्या मुलीने, स्वयंपाकघरातून नुसतं "विक्रांत" म्हटलं.

टोकनचं मी बघितलं. डीलर म्हणाला, टोकन परत मिळत नाही. मी म्हटलं, परत मागतोय कोन, पांढरीत वळव. जरा भाव खाल्ला, मग वळवलं. त्याला दुसरं गिऱ्हाईक होतंच. आठवड्याभरात निळी विकली गेली. घेणाऱ्याला छप्पर आवडलं म्हणे. त्याचं ऑफिस घरापासून किती लांब आहे ते त्याला कोणी विचारलं नसणार.

पांढरीला आता दीड वर्ष होत आलं. ताईंची एकही पाळी गाडीमुळे चुकलेली नाही. बुश मी बदलून दिले. क्लच मात्र वर्षभर टिकला नाही, आठ महिन्यांतच गेला; पाळी नसलेल्या दिवशी नवा टाकला. जावईबापूंनी पुण्याहून मुद्दाम फोन करून आठवण करून दिली. चूक माझी नाही. साहेब क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतात, पायाखाली सोफ्याचं स्टूल असल्यासारखं. चालवणाऱ्याचा पाय मी आधी बघायला हवा होता, एवढंच कबूल करतो.

फोनवर त्यांनी शीट सुधारल्याचंही सांगितलं. क्लचसाठी नवीन ओळ टाकली होती.

"आनि गाडी कुठे जाते त्याची?"

"त्याला कॉलम कसा करणार, काका?"

गाडी घेताना लोक किंमत विचारतात, ॲव्हरेज विचारतात, सात वर्षांनी किती येतील ते विचारतात. मी एवढंच विचारतो, सकाळी घरातून निघून जायचं कुठे, आणि स्टेअरिंगवर बसणार कोण. पुढचा खर्च तिथे ठरतो. एवढं समजायला मला चौथी इयत्ता पुरली. पाचवीत काय शिकवतात ते मला माहीत नाही.