आधी बघ, मग बोल

"खालच्या खाजंची बाई कोण हाय? आत या."

केजच्या एका खाजगी दवाखान्यात कंपाउंडर असा वरडला. बाजाराचा दिवस. बाकावर माणसं दाटून बसलेली, त्यात आमच्या गावचे बी दोघं-तिघं. कुणीतरी खुसकन हसलं. मी पदर नाकापर्यंत वढला न् उठले. मागं माझा मालक, मान खाली घालून.

डॉक्टर खुर्चीतून हालला न्हाई. पडदा व्हता, टेबल व्हतं, पण झोप म्हणला न्हाई, बघितलं न्हाई. मी तोंड उघडायच्या आत मालकाकडं वळला. ऊसतोडीला जाता का, म्हणला. मालक हो म्हणला तसा हसला.

"हिच्यावर ध्यान ठेवा. असली खाज घरात बसून लागत नसती."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. वर एक मलम लिहून दिलं.

नांदूरघाटला, आमच्या गावी येईस्तोवर मालक जीपमधी पुढं जाऊन बसला, मला मागं टाकून. घरी आल्यावर त्यानं आपलं हातरूण ओसरीवर टाकलं. सासूनं माझं ताट-तांब्या अलग केला. शिवी न्हाई, मारहाण न्हाई. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मग मला माहेरी धाडायची बोलणी सुरू झाली, लेकरं इथंच ठिवून.

आता आमचं जगणं सांगते, मग हसायचं त्यानं हसावं. फडावर पहाटं ऊस दवानं वला असतो. बघता बघता लुगडं मांड्यापर्यंत भिजतं, अंगावरच वाळतं न् घामानं परत भिजतं. सांजच्याला आतली कापडं धुवायची अन् कोपीत, म्हंजी फडावरच्या आमच्या खोपटात, लुगड्याखाली दडवून वाळत घालायची. बाईचं आतलं कापड उन्हाला दिसू नये, असं मला आईनं शिकवलं, आईला तिच्या आईनं. सकाळी तेच दमट कापड परत अंगाला. महिन्याच्या अडचणीची घडी बी तशीच.

मलमानं आधी गार वाटलं. मग खाज दुप्पट. कातडं लाल झालं, पातळ झालं, कडंला काळं पडलं. चालताना चिरा पडायच्या. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाया बी तेच मलम लावायच्या, एकीचं संपलं की दुसरीचं. कुणाला काय झालंय ते कुणी इचारायचं न्हाई.

शेवटी मी केजच्याच सरकारी दवाखान्यात गेले. मालक संगं आला, म्हणजे राखणीला आला.

तिथली डॉक्टरीणबाई म्हणाली, आधी झोप, बघू दे. कितीक महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी बघितलं. मला रडू आलं, त्याची लाज न्हाई वाटत. तिनं कातडं जरासं खरवडून तपासायला घेतलं, साखर तपासली. म्हणाली, असल्या खाजंला कारणं लई असतात. कुणाला साखर असती, कुणाला साबण सोसत न्हाई, कुणाला अंगावरनं जातं, पाळी गेल्यावर कोरडेपणानं बी व्हती. कधी पांढरे चट्टे पाडणारा येगळाच आजार असतो. बघितल्याबिगर सांगता येत न्हाई. माझा नायटा निघाला. दमट कापडानं माजलेला, अन् त्या मलमातल्या औषधानं त्याला खतपाणी घातलेलं.

मग तिनं मालकाला पडद्याआड बोलावलं. जांघंत खाज हाय का, इचारलं. हाय की. माझ्या आधीपासून हाय, मी रोज बघत आले. पुरुषानं चारचौघात खाजवलं तरी कुणी का म्हणून इचारत न्हाई.

"तुमचा नायटा जुना आहे. तुमच्याकडूनच हिला लागला असणार. दोघांनी सोबत औषध घ्या."

चोर सोडून संन्याशाला फाशी.

बाहेर आल्यावर मालक म्हणला, झालं गेलं, जाऊ दे आता. माझ्या टाळूपर्यंत आग गेली.

"माझी अब्रू केजात गेलीय. तिथंच तुमच्या तोंडानं परत आणायची. न्हाईतर ओसरीवरचं हातरूण जलमभर ओसरीवरच राहील."

पुढच्या बाजाराला त्याला त्याच दवाखान्यात नेला. बाक भरलेला. डॉक्टरच्या दारात उभा केला न् बोल म्हणले. खाज आधी मला व्हती, असं तो पुटपुटला. मोठ्यानं, म्हणले मी. परत बोलला. ह्या बारीला बाकावर कुणी हसलं न्हाई. डॉक्टर लालबुंद झाला, बाहेर व्हा म्हणला. मी ती चेपलेली मलमाची नळी त्याच्या टेबलावर ठिवली.

"आधी बघायचं, मग बोलायचं. डॉक्टर तू हायस, मी न्हाई."

नायटा बरा झाला. माफ केलं का म्हणाल, तर न्हाई. दोघांला बी न्हाई. मालक चारचौघात बोलला खरा, तरी त्याचं हातरूण अजून ओसरीवरच हाय.

आता माझी कापडं अंगणात दोरीवर वाळत्यात, भर उन्हात. सासू तोंड फिरवती. फिरवू दे. अन् गावाकडं असले की दर बाजाराला मी त्या दवाखान्यासमोरच्या वट्यावर बसते. टोळीतली बाई आत जाताना दिसली की हाताला धरते न् सरकारी दवाखान्यात नेते. कंपाउंडर हाकलायला आलता. वटा तुझ्या बापाचा न्हाई म्हणले. त्या डॉक्टरचा बाक रिकामा व्हईस्तोवर मी तिथून उठणार न्हाई.