काकांनी न घेतलेलं रिव्हॉल्व्हर

बेळ्ळंदूरच्या सिग्नलला ऑटो अडकली होती, तेव्हा काकूंचा फोन आला. "अक्का, तुझे काका गेले ग... जेवून पेपर वाचत बसले होते, तसेच गेले." चामराजपेटला त्यांच्या घरी पोचायला दोन तास लागले. त्या दोन तासांत मी रडले नाही. डोळ्यांसमोर सारखं एक रिव्हॉल्व्हर येत होतं, काकांनी कधी न घेतलेलं.

काका मूळचे निपाणीकडचे. सगळी नोकरी यशवंतपूरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, साचे आणि अवजारं घडवण्यात गेली. मी पुण्याहून इथे नोकरीला आले आणि माझे रविवार त्यांच्याकडे जाऊ लागले. मी पुतणी, पण दोघं मला अक्काच म्हणायचे. दुपारी काकू कॉफी ठेवायच्या, पंखा संथ फिरायचा आणि काका रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक मांडीवर उघडायचे. घरातली पाल हाकलताना तिला लागू नये म्हणून जपणारा हा माणूस! पण नळी, घोडा, चाप ही नावं घेताना त्यांचा आवाज हळू व्हायचा, आणि ऐकता ऐकता माझेही डोळे जड व्हायचे. जुन्या मॉडेलची नळी बिजागरीवर खाली वाकवून गोळ्या भरायच्या. "चाप जड आहे बघ, पण इमानी आहे," ते म्हणायचे. हलक्या धातूच्या नव्या मॉडेल्सवर त्यांचा फारसा जीव नव्हता. "वजन कमी केलं की धक्का कुठं जाणार? हातालाच बसणार की." मग खिडकीबाहेर बघत पुढे कधीतरी निघतील अशी मॉडेल्स ते स्वतःच रचत बसायचे. चाप असा, मूठ तशी... कॉफी गार व्हायची.

पोलीस कचेरीतल्या बऱ्याच वर्षांच्या खेपांनंतर त्यांचं लायसन्स आलं. ठरलेल्या मुदतीत हत्यार घ्यायचं होतं. त्याच सुमारास मी फोनवर वाचलं, की कंपनी नवं मॉडेल आणतेय, बाजूला उघडणारं, जास्त गोळ्यांचं. त्या रविवारी काकांनी विचारलं, "काय अक्का, जुनं घेऊन टाकू काय?" मी नवा फोन निघणार म्हटल्यावर जुना न घेणारी मुलगी. मी पटकन म्हणाले, "थांबा की काका! नवीन येतंय, आता जुनं कोण घेतं?" त्यांनी मांडीवरचं माहितीपत्रक मिटून ठेवलं. "सरी, बरं," म्हणाले, "स्वल्प थांबू." नवं मॉडेल येता येईना. मुदत एकदा वाढवून घेतली, तीही सरली. पुन्हा अर्ज करायचा उत्साह त्यांना राहिला नाही. आपण त्यांना चांगला सल्ला दिला, असंच मी धरून चालले होते.

तेराव्यानंतर काकूंनी कपाटातून एक फडकं काढून माझ्या हातात दिलं. आत शिसवाचे दोन तुकडे होते, मुठीच्या दोन बाजूंना बसवायचे. एक तेल पाजून गुळगुळीत केलेला, दुसऱ्यावर कानशीचे ओरखडे तसेच. "लायसन आलं त्या आठवड्यात करायला घेतलेले. मग काय झालं कुणास ठाऊक, ठेवूनच दिले," काकू म्हणाल्या.

मी ते घेऊन बंदुकांच्या दुकानात गेले. तिथले वयस्कर मालक काकांना ओळखत होते. काका दुकानात आले की रिकामं रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात देऊन गप्पा मारत बसायचे. नवं मॉडेल आता आलं होतं. मालकांनी गुळगुळीत तुकडा त्याच्या मुठीला लावून पाहिला. बसला नाही. मग त्यांनी जुनं काढलं. तुकडा अलगद बसला, कुठेही फट नाही.

म्हणजे त्यांचं ठरलं होतं. माझा सल्ला त्यांना नकोच होता. मी नुसतं 'घ्या की' म्हणायला हवं होतं... आणि मी शहाणपणा केला. याचं मला फार वाईट वाटतं.

काकूंनी ते तुकडे मलाच ठेवायला सांगितले. गुळगुळीत तुकड्यावर अंगठ्यासाठी एक खोलगट जागा आहे. ती काकांच्या अंगठ्याच्या मापाची, माझा तिथे सैल पडतो. काम करता करता मी कधी तिथे अंगठा ठेवून बसते. दुसऱ्या तुकड्यावर ती जागा नुसती पेन्सिलीनं आखलेली आहे.