घंटेचं गाव

आण्णा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याकडच्या आमच्या गावात महादेवाच्या देवळाचे गुरव. आम्ही वसईजवळ आचोळ्यात फ्लॅट घेतला त्या वर्षी ते पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "मला हितली चर्चं दाखव." मी त्यांना जीवदानी देवीच्या दर्शनाला न्यायचं ठरवून बसले होते. चर्चं कशाला, असं मी विचारलं. आण्णांना उत्तर द्यायचं नसलं की ते खांद्यावरचा पंचा झटकतात. तो झटकला.

रविवारी दुपारी एसटीने वसईच्या किल्ल्याकडे निघालो आणि वाटेतल्या एका जुन्या चर्चपाशी उतरलो. रविवारची प्रार्थना, मिस्सा, केव्हाच संपली होती. आण्णांनी पायरीवर वहाणा काढल्या म्हणून मीही काढल्या. आत शिरताना त्यांचा हात सवयीने घंटेसाठी वर गेला. दारात घंटा नव्हती, पण हात तसाच वर राहिला, कारण ते छत बघत होते. इतकं उंच छत मीही कधी पाहिलं नव्हतं. समोर सोनेरी नक्षीची वेदी आणि एवढ्या मोठ्या जागेत आम्ही दोघंच. आमच्या देवळात देवापर्यंत पोचायला वाकावं लागतं, इथे मान वर करावी लागत होती.

"ह्याची घंटा हाय का जागेवर?" आण्णांनी कुजबुजत विचारलं. मी मनोऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. आमच्या देवळातली मोठी घंटा वसईची. मराठ्यांनी किल्ला जिंकला तेव्हा ती हत्तीवरून आली, असं गावात सांगतात. तिच्यावर क्रूस आहे आणि आण्णा चाळीस वर्षं रोज सकाळी त्या क्रुसाला गंध लावत आलेत. तिची मूळ जागा त्यांना एकदा बघायची होती. "पर कुणी माघारी मागितली तर?" ते म्हणाले. मी हसले. आता कोण मागतंय, अडीचशे वर्षं उलटून गेली. आण्णा हसले नाहीत. "मागितली तर न्हाई कसं म्हणू? आन दिली तर सांजेला मी काय वाजवू?"

मग किल्ल्यात गेलो. तिथल्या चर्चला छप्पर नाही. कमानी आहेत, दगडात कोरलेली फुलं आहेत, भिंतीतून उंबर उगवलेत आणि वर सरळ आभाळ. मी पाहिलेली सगळी पडकी ठिकाणं उदास होती. हे नव्हतं. छप्पर गेलं तरी ते चर्चच होतं, आणि मला तिथे फार लहान आणि फार बरं वाटलं. आण्णा मात्र मनोऱ्याच्या रिकाम्या खिडकीकडे बघत उभे होते. आमच्याच घंटेची ती खिडकी की दुसऱ्या कुठली, कोण सांगणार? पण त्यांनी हात जोडले.

एक म्हातारी ख्रिस्ती कोळीण खराट्याने पाचोळा लोटत होती. वर्षातून एकदा तिथे मिस्सा होते, तो दिवस जवळ आला होता. तिने विचारलं, "काय बघता भाऊ?"

मी आण्णांचा हात दाबला. पण खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नाही. "तुमची घंटा आमच्या गावाला हाय, बाई," ते म्हणाले. "देवळात. नीट ठेवलीय."

म्हातारीने खराटा भिंतीला टेकवला.

"वाजवता, का नुसती टांगलीय?"

"रोज वाजवतो. दोन्ही वेळेला."

"आवाज कसा हाय तिचा?"

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि पोटातून एक लांब, खोल सूर काढला. भिंतींनी तो उचलला, कमानीकमानीतून फिरवला आणि वर सोडून दिला. म्हातारीने क्रुसाची खूण केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, असं आण्णांनी नंतर सांगितलं. मला माझ्याच डोळ्यांमुळे काही दिसलं नाही.

"आमच्या नावाचा एक ठोका मारत जा," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा झाडायला लागली.

आता मी गावी गेले की संध्याकाळी ओट्यावर बसून ऐकते. आरती होते, ठोके संपतात, लोक पांगतात. मग थोडं थांबून आणखी एक ठोका पडतो. हा जादाचा कशाला, असं कुणी विचारलं की आण्णा पंचा झटकत नाहीत. ते घंटेकडे बघून सांगतात, "त्यो तिच्या माहेरचा."